केमिकल पाण्यात खरंच कुजतं का, हे कसं तपासायचं? नव्यानं लॅबमध्ये आलेल्यांसाठी

नागपूरजवळचं हिंगणा असो की बुटीबोरी, ईटीपीच्या (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटच्या) लॅबमध्ये नवीन लागलेल्या पोरापोरींसमोर पहिल्या सहा महिन्यांत हा प्रश्न येतोच. पर्चेसवाले नवीन डीग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रावण) नाहीतर कूलंट घेऊन येतात, पत्रकावर हिरव्या पानाचं चित्र, खाली लिहिलेलं "बायोडिग्रेडेबल", आणि मॅनेजर विचारतो, "हे आपल्या टाकीत गेलं तर चालते ना?" आता तुम्ही एमएस्सी करून आलेले, बीओडी-सीओडी (पाण्यातला माल जिवाणूंना खायला आणि रसायनानं जाळायला किती ऑक्सिजन लागतो याची मोजमापं) हातात बसलेलं, पण या प्रश्नाचं उत्तर कुठून सुरू करायचं ते कोणी शिकवलेलंच नसतं. मला इतक्या जणांनी हेच विचारलं की एकदा सगळं नीट लिहूनच काढतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पाण्यातून केमिकल गायब होणं वेगळं आणि जिवाणूंनी ते खाणं वेगळं. गायब तर ते दहा प्रकारे होतं, हवेत उडून जातं, गाळाला चिकटतं, बाटलीच्या काचेला धरतं, पाण्याशी रिअ‍ॅक्शन होऊन दुसरंच काहीतरी बनतं. तुमच्या मशीनला ते दिसत नाही म्हणजे ते संपलं असं नाही. खाल्लं गेलं म्हणजे काय, तर त्यातला कार्बन शेवटी कार्बन डायऑक्साइड झाला, थोडा जिवाणूंच्या अंगाला लागला, आणि तेवढा ऑक्सिजन खर्ची पडला. हा ऑक्सिजन किंवा हा कार्बन डायऑक्साइड मोजला तरच म्हणायचं की कुजलं.

त्यातही दोन टप्पे आहेत. मूळ रेणू तुटला, त्याचा जुना गुण गेला, याला प्रायमरी म्हणतात. पूर्ण पार पाणी आणि कार्बन डायऑक्साइडपर्यंत गेलं तर अल्टिमेट. फरक का महत्त्वाचा ते नोनिलफिनॉल इथॉक्सिलेटवरून कळतं. कापड, धुलाई, पेंट अशा कितीतरी ठिकाणी हे वापरलं गेलं, जिवाणू त्याची इथॉक्सीवाली शेपटी कुरतडतात, फेस येणं थांबतं, वाटतं संपलं, पण उरतं ते नोनिलफिनॉल, जे माशांसाठी मूळच्या मालापेक्षा जास्त विषारी आणि हार्मोनमध्ये ढवळाढवळ करणारं. प्रायमरी टेस्ट पास, आणि नदीत मात्र आधीपेक्षा वाईट माल. म्हणून पत्रकावर नुसतं "९५ टक्के बायोडिग्रेडेबल" दिसलं की पहिला प्रश्न विचारा, कोणत्या टेस्टनं, किती दिवसात, आणि मोजलं काय? उत्तर नाही आलं तर तो आकडा बाजूला ठेवून द्या.

पहिली पायरी: ड्रममध्ये नेमकं काय आहे

एसडीएस (मालासोबतचं सुरक्षा माहितीपत्रक) मागवा आणि त्यातला कॅस नंबर (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) पाहा, व्यापारी नावावर जाऊ नका. एकच पदार्थ आहे की मिश्रण, हे आधी ठरवा, कारण या सगळ्या टेस्टा मुळात एका शुद्ध पदार्थासाठी बनवलेल्या आहेत. मिश्रण टाकलं तर निकाल फसवतो. साधं उदाहरण घ्या, कूलंट. त्यात भरपूर इथिलीन ग्लायकॉल असतो आणि जराशी गंज थांबवणारी औषधं, त्यात बेंझोट्रायअ‍ॅझोल असतं. ग्लायकॉल जिवाणूंना गोड खाऊ, ते सहज खातात, टेस्टचा आकडा मस्त येतो, आणि त्या आकड्याखाली ते बेंझोट्रायअ‍ॅझोल लपून बसतं, जे सहजासहजी कुजत नाही. सप्लायर खोटं बोलला असं नाही, पण तुमच्या टाकीतून पुढे जे जाणार आहे ते नेमकं तेच आहे. म्हणून मिश्रण असेल तर घटक वेगवेगळे पाहायचे, प्रत्येकाचा डेटा वेगळा शोधायचा.

मग पाण्यात किती विरघळतं, किती उडतं, गाळाला किती चिकटतं आणि जिवाणूंना विषारी आहे का, या चार गोष्टी लिहून काढा. एका कागदावर, हातानं लिहिलं तरी चालेल, पण लिहा, कारण टेस्ट कोणती घ्यायची ते याच्यावरूनच ठरतं.

दुसरी पायरी: रचना पाहून अंदाज

स्ट्रक्चरकडे पाहून बराच अंदाज येतो. एस्टर, अल्कोहोल, आम्ल असे गट असले, साखळी सरळ असली तर जिवाणूंना दात रोवायला जागा मिळते. क्लोरीन, फ्लोरीन, नायट्रो, खूप फांद्या, चार बाजूंनी कार्बनच असलेला कार्बन, हे दिसलं की समजा अवघड आहे. याचं सगळ्यात मोठं उदाहरण डिटर्जंटचंच आहे. १९५०च्या दशकात युरोप-अमेरिकेत फांद्यावाल्या साखळीचे अल्किलबेंझीन सल्फोनेट वापरायचे, ते कुजत नव्हते, नद्यांवर फेसाचे डोंगर व्हायचे. जर्मनीनं १९६१ मध्ये कायदा केला, नंतर सगळीकडे सरळ साखळीचा माल आला, त्यालाच आज आपण लॅस (लिनिअर अल्किलबेंझीन सल्फोनेट) म्हणतो. साबणाचं काम तेच, फक्त साखळी सरळ केली, आणि तो हवा असलेल्या पाण्यात कुजायला लागला. "हवा असलेल्या" हा शब्द लक्षात ठेवा हं, ऑक्सिजन नसलेल्या काळ्या गाळात लॅस जवळजवळ तसाच पडून राहतो.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं एपी स्वीट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात बायोविन म्हणून एक भाग आहे, रचना टाकली की तो अंदाज देतो. जरूर वापरा, पण अंदाज म्हणून. "नाही कुजणार" असं त्यानं सांगितलं तर बहुतेक वेळा ऐकावं, "कुजेल" म्हटलं तर टेस्ट करून पाहावी, असं माझं मत आहे.

तिसरी पायरी: बीओडी आणि सीओडीची झटपट नजर

हे तर तुम्हाला येतंच. आपल्याकडे बीओडी ३ दिवस २७ डिग्रीला करतात, बाहेरचा डेटा बहुतेक ५ दिवस २० डिग्रीचा असतो, दोन्ही आकडे एकमेकांशी तुलना करताना हे विसरू नका. रसायनांच्या वर्गीकरणाच्या जागतिक पद्धतीत, म्हणजे जीएचएसमध्ये, २८ दिवसांचा डेटा नसेल तर पाच दिवसांचा बीओडी भागिले सीओडी ०.५ किंवा जास्त असेल तर तो पदार्थ लवकर कुजणारा धरतात. चाळणी म्हणून ठीक आहे. पण गुणोत्तर कमी आलं म्हणून घाबरू नका, तीन दिवसांत जिवाणूंना ओळखच झाली नसेल, किंवा तुम्ही इतकं जास्त टाकलं असेल की ते मेलेच असतील. आणि पिरिडिनसारखे काही पदार्थ सीओडीच्या डायक्रोमेटलाही नीट दाद देत नाहीत, तिथं सीओडीच कमी येतो आणि गुणोत्तर उगाच चांगलं दिसतं.

चौथी पायरी: टेस्ट निवडणं

जगभर चालते ती ओईसीडीची (मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेची) ३०१ नंबरची गाइडलाइन, १९९२ची, तिच्यात ए ते एफ अशा सहा पद्धती आहेत. सगळ्यांचं मूळ एकच, तुमचं केमिकल हाच एकमेव खाऊ, थोडेसे जिवाणू, २८ दिवस, अंधार. मुद्दाम कठीण ठेवलेली परीक्षा आहे ही. एवढ्या कमी जिवाणूंनी, ओळखपाळख नसताना खाल्लं, तर नदीत आणि एसटीपीत (मैल्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटमध्ये) ते खाल्लं जाईलच असं धरता येतं, आणि त्याला रेडीली बायोडिग्रेडेबल म्हणतात.

पाण्यात छान विरघळणारा, न उडणारा, न चिकटणारा पदार्थ असेल तर ए किंवा ई, ज्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन, म्हणजे डीओसी, कमी होताना मोजतात. नीट विरघळत नसेल तर बी, ज्यात निघालेला कार्बन डायऑक्साइड पकडतात, किंवा एफ, ज्यात बंद बाटलीतला ऑक्सिजन किती खाल्ला ते प्रेशरवरून मोजतात. सी ही जपानची पद्धत, तिच्यात निदान दहा ठिकाणांहून गाळ गोळा करावा लागतो, आपल्यासारख्यांना ते जमत नाही. उडणारा किंवा जिवाणूंना थोडा विषारी पदार्थ असेल तर डी, क्लोज्ड बॉटल, कारण तिच्यात लिटरला फक्त २ ते १० मिलिग्रॅम टाकतात आणि बाटली तोंडोतोंड भरलेली असते, वर हवाच नाही तर उडून जाणार कुठं.

आपल्या संत्र्याचंच उदाहरण घ्या ना. सालीच्या तेलात मुख्य पदार्थ लिमोनीन असतो, त्याचे डीग्रीझर बाजारात मिळतात, वास छान, नैसर्गिक म्हणून लोक डोळे झाकून घेतात. पण लिमोनीन पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल, आणि उडतो भसाभस. उघड्या फ्लास्कमध्ये हवा सोडत टेस्ट केली तर दोन दिवसांत तो लॅबच्या हवेत असतो आणि तुम्ही लिहिता शंभर टक्के गेला! त्याची टेस्ट बंद बाटलीतच झाली पाहिजे, आणि मोजायचा ऑक्सिजनच.

नवीन लॅबला मी एफ सुचवतो. प्रेशर मोजणारी झाकणं, तपकिरी बाटल्या, मॅग्नेटिक स्टरर आणि इन्क्युबेटर एवढ्यावर काम होतं, रोजचे रीडिंग आपोआप साठतात, आणि वक्र कसा चढून राहिला ते डोळ्यांनी दिसतं. डीओसी मशीन सगळ्यांकडे नसतं, हे तरी सहज मिळतं.

पाचवी पायरी: जिवाणू, आणि इथंच बहुतेक टेस्टा बिघडतात

याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. बरेच जण आपल्याच ईटीपीतून गाळ उचलतात, कारण तो खाली जिन्याच्या बाजूलाच आहे. असं करू नका. तुमच्या ईटीपीतले जिवाणू वर्षानुवर्षं तुमच्याच केमिकलवर पोसलेले असतात, त्यांना ते खाता येतं यात नवल काय? रेडी टेस्टमध्ये जिवाणू त्या पदार्थाला सरावलेले नसावेत असा नियम आहे. गाळ घ्यायचा तो मुख्यतः घरगुती सांडपाणी येणाऱ्या एसटीपीच्या एरेशन (हवा देण्याच्या) टाकीतून. नागपुरात भांडेवाडीचा मोठा एसटीपी आहेच, शहराचंच सांडपाणी तिथं जातं, रीतसर परवानगी पत्र देऊन नमुना मागायचा. काही टाउनशिप, हॉस्टेल यांचे छोटे एसटीपीही चालतात, फक्त तिथं जंतुनाशकांचा मारा होत नाही ना ते विचारून घ्या.

सकाळी लवकर जा. मे महिन्यात दुपारी डबा गाडीत ठेवून आणला तर पोचेपर्यंत गाळ सडलेला असतो, वासावरूनच कळतं. डबा अर्धाच भरा म्हणजे वर हवा राहील, आणल्याबरोबर हवा सुरू करा. हातमोजे, चष्मा घालूनच हाताळा, मैल्याचा गाळ आहे तो.

लॅबमध्ये आल्यावर मोठा कचरा चाळून काढा, बसू द्या, वरचं पाणी फेका, मिनरल माध्यमानं (क्षारांचं पाणी, कृती सहाव्या पायरीत आहे) धुवा, परत बसू द्या. धुणं कंटाळवाणं आहे पण सोडू नका, कारण गाळासोबत आलेलं सांडपाणी हाच जिवाणूंसाठी तयार डबा असतो आणि मग ब्लँकच (केमिकल न टाकलेली, नुसत्या जिवाणूंची बाटली) ऑक्सिजन पीत बसतो. नंतर सुकं वजन काढा. टेस्टमध्ये लिटरला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम गाळ चालतो. तुमच्या धुतलेल्या गाळात लिटरला ४ ग्रॅम असतील तर एक लिटर माध्यमाला ७.५ मिली लागतील, एवढंच गणित. टेस्टच्या आधी ५ ते ७ दिवस नुसती हवा देऊन, खाऊ न देता, टेस्टच्याच तापमानाला ठेवलं तर ब्लँक आणखी खाली येतो. मी हे नेहमी करतो.

सहावी पायरी: माध्यम आणि बाटल्या

माध्यमाची चार स्टॉक द्रावणं असतात, सगळी एकेक लिटर. पहिल्यात पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ८.५० ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट २१.७५ ग्रॅम, डायसोडियम फॉस्फेट डायहायड्रेट ३३.४० ग्रॅम आणि अमोनियम क्लोराइड ०.५० ग्रॅम, पीएच ७.४ यायला पाहिजे. दुसऱ्यात निर्जल कॅल्शियम क्लोराइड २७.५० ग्रॅम. तिसऱ्यात मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट २२.५० ग्रॅम. चौथ्यात फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट ०.२५ ग्रॅम, हे वापराच्या दिवशीच ताजं करा. पहिल्याचे १० मिली ८०० मिली डिस्टिल्ड पाण्यात, मग बाकी तिघांचे एकेक मिली, आणि एक लिटर करा. सगळं एकदम ओतू नका, गढूळ होतं. नळाचं किंवा आरओचं पाणी नाही, डिस्टिल्डच, आणि डिस्टिलेशनचं भांडंही स्वच्छ.

बाटल्या किती? तुमच्या केमिकलच्या दोन, ब्लँकच्या दोन, रेफरन्सची (सहज कुजतो हे माहीत असलेल्या पदार्थाची) एक, आणि एक जिच्यात केमिकल आणि रेफरन्स दोन्ही, तिला टॉक्सिसिटी कंट्रोल म्हणतात. जमलं तर एक निर्जंतुक, जिच्यात जिवाणूच नाहीत. नवीन लोक पैसे वाचवायला शेवटच्या दोन गाळतात आणि मग निकाल शून्य आला की कारण सांगता येत नाही. केमिकल कुजत नाही की जिवाणू मेले? टॉक्सिसिटी कंट्रोलशिवाय हे कळूच शकत नाही. रेफरन्स म्हणून सोडियम बेंझोएट घ्या, स्वस्त, सुरक्षित, वजन करायला सोपं.

ऑक्सिजन मोजायच्या बाटलीत झाकणाखालच्या रबरी कपात सोडा लाइम किंवा कॉस्टिकचे दाणे टाकायला विसरू नका. जिवाणू ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो शोषला गेला तरच प्रेशर खाली येतं. दाणे पाण्यात पडले तर पीएच चढून ती बाटली बाद.

सातवी पायरी: २८ दिवस

तापमान २० ते २४ च्या मधे एका जागी, आणि ते एका डिग्रीच्या आत स्थिर. लिहायला सोपं आहे, नागपुरात मेमध्ये करून दाखवा! बाहेर ४५, लाइट गेली की इन्क्युबेटर अर्ध्या तासात तापतो, आणि प्रेशरवर चालणाऱ्या टेस्टमध्ये तापमान हललं की रीडिंग हललंच. यूपीएस नसेल तर शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत टेस्ट लावा. इन्क्युबेटरमध्ये एक साधा डेटा लॉगर ठेवा, नंतर कोणी विचारलं तर पुरावा राहतो. बाटल्या लावल्यावर पहिले काही तास तापमान जुळू द्या आणि मग शून्य धरा.

२८ म्हणजे बरोबर चार आठवडे, मंगळवारी लावली तर मंगळवारीच संपते, ७वा, १४वा, २१वा दिवसही मंगळवारच. मधे दिवाळी येत नाही ना ते कॅलेंडर पाहून लावा. रीडिंग आपोआप होत असलं तरी रोज एकदा जाऊन स्टरर फिरून राहिले का ते पाहा. शेवटी पीएच मोजा.

आठवी पायरी: गणित

तुमचं केमिकल पूर्ण जळालं तर किती ऑक्सिजन लागेल, हा आधी कागदावर काढायचा आकडा, त्याला थिऑरेटिकल ऑक्सिजन डिमांड म्हणतात. इथिलीन ग्लायकॉलमध्ये कार्बन २, हायड्रोजन ६, ऑक्सिजन २. कार्बनची दुप्पट ४, अधिक हायड्रोजनचे निम्मे ३, वजा ऑक्सिजन २, झाले ५. त्याला १६ नं गुणा, ८०. रेणूभार ६२. म्हणजे एका मिलिग्रॅमला १.२९ मिलिग्रॅम ऑक्सिजन. सोडियम बेंझोएटचा याच पद्धतीनं १.६७ येतो, स्वतः करून पाहा, फक्त सोडियमचा अर्धा मिळवायला विसरू नका. क्लोरीन, नायट्रोजन, गंधक असेल तर सूत्रात आणखी पदं येतात.

समजा लिटरला ७० मिलिग्रॅम ग्लायकॉल टाकलं, म्हणजे पूर्ण आकडा ९०. शेवटच्या दिवशी बाटलीनं ९२ दाखवला, ब्लँकनं २४. फरक ६८, भागिले ९०, साधारण ७५ टक्के. पास व्हायला ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइडवर ६० टक्के लागतात, डीओसीवर ७०. शंभर का नाही? कारण खाल्लेल्या कार्बनमधला बराचसा जिवाणूंच्या नव्या पेशी बांधण्यात जातो, तो जळतच नाही.

नुसते ६० पुरत नाहीत, दहा दिवसांची खिडकी पण आहे. १० टक्के गाठल्यापासून दहा दिवसांच्या आत ६० यायला पाहिजे. चौथ्या दिवशी १० टक्के ओलांडले तर चौदाव्यापर्यंत ६०. सुरुवातीला जिवाणूंनी कितीही दिवस विचार केला तरी चालतो, पण एकदा खायला लागले की झपाट्यानं खाल्लं पाहिजे, आणि ते २८ च्या आत. (साबणातल्या सरफॅक्टंटसारखे, ज्यात वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्या एकत्र असतात, त्यांना ही खिडकी सहसा लावत नाहीत, कारण त्या एकामागून एक खाल्ल्या जातात.)

नायट्रोजनवाल्या पदार्थात एक खड्डा आहे. कार्बन संपला तरी अमोनियाचा नायट्रेट करणारे जिवाणू ऑक्सिजन घेत राहतात आणि तुम्हाला वाटतं केमिकलच कुजून राहिलं. माध्यमातल्या अमोनियम क्लोराइडमुळेच लिटरला ६ मिलिग्रॅमपर्यंत ऑक्सिजन जाऊ शकतो, तो ब्लँकमध्येही असतो म्हणून साधारण वजा होऊन जातो. पण केमिकलमधूनच अमोनिया सुटत असेल तर शेवटी नायट्राइट-नायट्रेट मोजा आणि तेवढा ऑक्सिजन कमी करा.

नववी पायरी: टेस्टवर विश्वास ठेवायचा की नाही

आपल्या आकड्याकडे पाहायच्या आधी हे पाहा. रेफरन्स १४ दिवसांत ६० टक्के गेला का? ब्लँक २८ दिवसांत लिटरला ६० मिलिग्रॅमच्या खाली आहे का, साधारण २० ते ३० असायला पाहिजे? दोन जुळ्या बाटल्यांत २० टक्क्यांपेक्षा कमी फरक आहे का? टॉक्सिसिटी कंट्रोल १४ दिवसांत २५ टक्क्यांच्या वर गेला का? नसेल तर केमिकलनं जिवाणूंचा गळा धरला, तुमचा शून्य हा "कुजत नाही" चा शून्य नाहीच. तेव्हा कमी मात्रेत परत करायची, कूलिंग टॉवरच्या बायोसाइडांच्या बाबतीत हे हमखास होतं.

पहिलीच कसोटी नापास झाली तर बाकीचे आकडे कितीही सुंदर असू द्या, टेस्ट परत. चार आठवडे गेले म्हणून जीव तुटतो, मॅनेजर ओरडतो, मला माहीत आहे. तरी परत.

दहावी पायरी: नापास झालं तर

नापास म्हणजे कधीच कुजणार नाही असं नाही, हे मॅनेजरला समजावणं तुमचंच काम. मुद्दाम कठीण परीक्षा होती ती. वक्र पाहा. ४० टक्क्यांवर जाऊन सपाट झाला असेल तर एक तुकडा खाल्ला, एक उरला, आणि तो उरलेला कोणता ते शोधणं हे खरं काम. २५व्या दिवसापर्यंत झोपून मग चढायला लागला असेल तर जिवाणूंना सराव लागतो.

पुढची टेस्ट ओईसीडी ३०२ बी, जान-वेलेन्स म्हणतात तिला. यात गाळ भरपूर, लिटरला ०.२ ते १ ग्रॅम, केमिकलही जास्त, आणि २८ दिवस डीओसी मोजायचा. ७० टक्क्यांच्या वर गेला तर निदान कुजण्याची ताकद त्याच्यात आहे, इन्हेरंट म्हणतात. पण मी सुरुवातीला म्हटलं, गायब होणं वेगळं आणि खाल्लं जाणं वेगळं, ते सगळ्यात जास्त इथंच लागू होतं. मी नवीन असताना कापड मऊ करणाऱ्या एका क्वाटर्नरी अमोनियम पदार्थाची ही टेस्ट लावली, तीन तासांच्या नमुन्यातच डीओसी ८० टक्के खाली! मी आनंदात मसुद्यात लिहून टाकलं, अतिशय वेगानं विघटन. आमच्या सरांनी कागद परत दिला आणि एवढंच विचारलं, "तीन तासात एवढं खाल्लं, मग ऑक्सिजन कुठं गेला?" काहीच खाल्लं गेलं नव्हतं, सगळं गाळाला चिकटलेलं होतं, आणि तो गाळ उद्या ड्राइंग बेडवर (गाळ वाळवायच्या वाफ्यावर), परवा कोणाच्या शेतात गेला असता. तीन तासांचा नमुना त्या टेस्टमध्ये ठेवलाच यासाठी आहे की चिकटलेलं किती ते आधी कळावं आणि नंतरच्या घसरणीतून ते वेगळं काढावं. तेव्हापासून मी कोणत्याही रिपोर्टमध्ये पहिल्यांदा तीन तासांचा आकडा पाहतो.

३०२ मध्येही नापास झालं तर तो पदार्थ टिकून राहणारा धरूनच चाला. नदीच्या पाण्यात खरी गती किती ते पाहायला ३०९ नंबरची टेस्ट आहे, लिटरला मायक्रोग्रॅममध्ये, बहुतेक रेडिओअ‍ॅक्टिव्ह कार्बन लावून, ती आपल्या लॅबचं काम नाही. युरोपात गोड्या पाण्यात अर्धं व्हायला ४० दिवसांपेक्षा जास्त लागले तर त्या पदार्थाला टिकाऊ म्हणतात, ६० च्या वर अतिटिकाऊ. हा रिपोर्ट निर्यातीसाठी किंवा नोंदणीसाठी लागणार असेल तर स्वतःच्या लॅबची टेस्ट चालत नाही, जीएलपी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस) प्रमाणपत्र असलेल्या लॅबमध्येच करावी लागते. आपल्याकडे त्याचं प्रमाणपत्र केंद्र सरकारची यंत्रणा देते आणि २०११ पासून ओईसीडी देश आपला जीएलपी डेटा मान्य करतात. पण घरातली टेस्ट आधी करून घेतलीत तर बाहेर पैसे द्यायच्या आधी काय येणार ते कळलेलं असतं.

आणि पास झालं तर

पास झालं म्हणून दुसऱ्या दिवशी सगळा ड्रम टाकीत रिकामा करू देऊ नका. टेस्टमध्ये लिटरला ७० मिलिग्रॅम होतं आणि २८ दिवस होते, तुमच्या एरेशन टाकीत पाणी काही तास राहतं. जिवाणूंना वेळ द्या. इक्वलायझेशन टाकीतून (जिथं येणारं सांडपाणी आधी एकत्र साठवतात) थोडं थोडं सोडा, पहिल्या आठवड्यात ठरलेल्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्यानं सुरुवात करा, रोज इनलेट-आउटलेटचा सीओडी आणि टाकीतला विरघळलेला ऑक्सिजन लिहा, गाळाचा स्थिरावण्याचा वेग पाहा, सीओडी चढला नाही तरच मात्रा वाढवा. फेस येऊन राहिला किंवा गाळ वर तरंगायला लागला तर दोन पायऱ्या मागे या.

हे सगळं एवढं जिवावर घेऊन का सांगतो, तर नाग नदीत जे जातं ते नागपुरात थांबत नाही. ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि तिथून गोसेखुर्द धरणाचं पाणी. पवनीच्या बाजूचा मासेमार आणि धान पेरणारा शेतकरी तुमचा रिपोर्ट कधी वाचणार नाही. तुमच्या रजिस्टरमध्ये मात्र दर ड्रममागे चार गोष्टी असू द्या, कॅस नंबर, कोणती टेस्ट, तीन तासांचा आकडा असेल तर तो, आणि २८ दिवसांचा वक्र छापून चिकटवलेला.